अमेरिकेची पावली



आज आम्ही क्वार्टरबद्दल बोलणार आहोत. थांबा, लगेच कपाळाला आठी पाडू नका. जिच्या पायी आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरात भांडी आपटली गेली, ती बाटली ही नव्हे. हे क्वार्टर म्हणजे अमेरिकेचं नाणं. डॉलरचे सेंट शंभर, त्याचा चौथा हिस्सा पंचवीस सेंट. म्हणजे आपल्या जुन्या भाषेत डॉलरची पावली. चवली-पावलीतली आपली पावली ३० जून २०११ पासून बंद झाली, अमेरिकेची मात्र जोरात चालू आहे.

हा विषय आम्ही घेतला, कारण गेल्या काही महिन्यांत तीन-चार गटांतून एकच प्रश्न आला. कुणाची लेक न्यू जर्सीला, कुणाचा पुतण्या टेक्सासला शिकायला. सुट्टीला आला की पँटच्या खिशातून, बॅगेच्या कप्प्यातून ही नाणी निघतात. तिकडे भाड्याच्या घरांत कपडे धुण्याचं यंत्र बहुतेक वेळा सगळ्या इमारतीला मिळून असतं आणि पुष्कळ ठिकाणी त्यात क्वार्टर टाकावे लागतात, म्हणून मुलं बरणीत साठवून ठेवतात. त्यातली चार-पाच चुकून इकडे येतात आणि देव्हाऱ्यातल्या वाटीत नाहीतर पोराच्या दप्तरात जाऊन पडतात. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं, "हे नाणं तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती!" आणि बाई आम्हाला विचारते, "खरं का हो ताई?"

आम्ही पाच जणी बसलो, वाचलं, परदेशातल्या आमच्याच लेकरांना नाण्यांचे फोटो पाठवायला लावले. त्यातून हाती लागलं ते आज सांगतो.

आधी साधी गोष्ट. तुमच्या वाटीतल्या क्वार्टरची किंमत शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा पंचवीस सेंटच असते. डॉलर पंच्याऐंशी-नव्वद रुपये धरला तर एकवीस-बावीस रुपये. तेही हातात पडणं अवघड, कारण परकीय चलन बदलून देणारे नोटा घेतात, सुटी नाणी सहसा घेत नाहीत. अमेरिकेला जाणाऱ्याच्या हाती परत देणं, हाच त्याचा खरा रोकडा उपयोग. तिथे १९३२ सालचं क्वार्टर दुकानात दिलं तरी ते पंचवीस सेंटला चालतं. अर्थात ते कुणी देत नाही. का देत नाही, ते ऐका.

हे नाणं आज जसं दिसतं त्याची सुरुवात १९३२ ची. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून त्यांचा मुखवटा नाण्यावर आला. त्या वर्षी डेन्व्हरच्या टांकसाळीत ४ लाख ३६ हजार ८०० आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत ४ लाख ८ हजार एवढीच क्वार्टर पाडली गेली. अमेरिकेसारख्या देशाला ही मूठभरच. म्हणून ती दोन नाणी झिजून गुळगुळीत झालेली असली तरी मूळ किमतीच्या शेकडो पटीने विकली जातात. आणि म्हणूनच त्यांची नक्कलही होते. साध्या १९३२ च्या नाण्यावर डी किंवा एस हे अक्षर चिकटवून देणारे कारागीर तिकडेही आहेत. लबाडीला देश नसतो.

दुसरी गोष्ट चांदीची, आणि ही आपल्याला सगळ्यात लवकर कळेल. १९६४ सालापर्यंतच्या क्वार्टरमध्ये शंभरात नव्वद भाग चांदी होती. नाण्याचं वजन सव्वासहा ग्रॅम, त्यात चांदी पाच ग्रॅम आणि वर सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे जवळपास अर्धा तोळा. पुढे चांदी महागली, लोक नाणी दाबून ठेवू लागले, बाजारात सुटे मिळेनात. मग १९६५ च्या कायद्याने क्वार्टरमधली चांदी काढली. आता मधे नुसतं तांबं आणि वरून-खालून तांबं-निकेलच्या मिश्रणाचा पातळ पत्रा. वजन झालं ५.६७ ग्रॅम.

हे ओळखायला इंग्रजी यायला नको. नाणं उभं धरा आणि कडेला बघा. कडेत मधोमध तांबूस पट्टी दिसली तर ते नवं, चांदी नसलेलं. कड सगळी एकसारखी पांढरी असेल आणि साल १९६४ किंवा आधीचं असेल, तर ती चांदी. शंका असेल तर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवा. सहा ग्रॅमच्या वर भरलं तर आनंद माना. लोहचुंबक लावून उपयोग नाही, खरं क्वार्टर चांदीचं असो की तांब्याचं, चुंबकाला चिकटत नाही. मात्र चिकटलंच, तर ते नाणं खोटं समजा.

आपल्याकडचा राणीछाप रुपया आठवा. आमच्यातल्या एका अक्कांच्या आजीच्या गळ्यात त्याची माळ होती. त्यावर राणी होती म्हणून ती माळ मोलाची नव्हती, रुपयात चांदी होती म्हणून होती. अमेरिकेच्या जुन्या क्वार्टरचंही तसंच. त्याचा हिशेब करायचा तर त्या दिवशीचा चांदीचा भाव घ्या आणि ५.६ ने गुणा. ग्रॅमला शंभर रुपये भाव असेल तर साडेपाचशेच्या थोडं वर. सराफ त्यातून आपली वट्टी काढणारच. एवढंच त्याचं मोल, लाखांच्या गप्पा नकोत.

आता चांदी नसलेल्या, नव्या नाण्यांकडे येऊ. तुमच्या वाटीत असतात ती हीच.

१९९९ साली अमेरिकेच्या सरकारने एक युक्ती काढली. देशात पन्नास राज्यं. दर वर्षी पाच राज्यांची, प्रत्येकाचं चित्र वेगळं, अशी दहा वर्षांत पन्नास क्वार्टर काढायची. पहिलं डेलावेअरचं, शेवटचं २००८ मध्ये हवाईचं. क्रम ठरला तो राज्यं देशात सामील झाली त्या क्रमाने. लोक वेडे झाले. आजी-आजोबांनी नातवंडांसाठी पुठ्ठ्याचे नकाशे घेतले, त्यात राज्याराज्याच्या जागी नाणं बसवायचं. टांकसाळीचा अंदाज असा की चौदा कोटींहून जास्त माणसांनी ही नाणी जमवली. त्या दहा वर्षांत तीन हजार कोटींहून अधिक नाणी पाडली गेली.

यात सरकारचा काय फायदा? बचत गटात हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे लगेच उमजेल. नाणं पाडायला खर्च पंचवीस सेंटपेक्षा बराच कमी येतो. ते बाजारात फिरत राहिलं तर कधीतरी परत येतं. पण कुणी ते नकाशात चिकटवून कपाटात ठेवलं, तर मधला फरक सरकारच्या खिशात कायमचा राहिला. म्हणजे लोकांच्या हौसेवर सरकारी तिजोरी भरली, आणि कुणाला फसवलंही नाही. आम्हाला ही युक्ती आवडली, खरं सांगतो.

चित्रंही बघण्यासारखी आहेत. जॉर्जियाच्या नाण्यावर पीच नावाचं फळ. व्हर्माँटच्या नाण्यावर मेपलची झाडं आणि त्यांचा गोड रस धरायला टांगलेल्या बादल्या. आपल्याकडे नीरेला मडकी बांधतात ना, तसंच. कॅन्ससवर गवा आणि सूर्यफुलं. न्यू हॅम्पशायरवर डोंगरातल्या खडकांनी बनलेला म्हाताऱ्याचा चेहरा. गंमत अशी की नाणं आलं २००० साली आणि २००३ च्या मे महिन्यात तो खराच चेहरा दरडीसारखा कोसळला. आता तो नाण्यावरच उरला. अलाबामाच्या नाण्यावर हेलन केलर, डोळ्यांनी दिसत नसलेली आणि कानांनी ऐकू येत नसलेली, तरी शिकून जगभर नाव झालेली बाई. त्यावर तिचं नाव ब्रेल लिपीतल्या ठिपक्यांत उठवलेलं आहे. अमेरिकेच्या व्यवहारातल्या नाण्यावर ब्रेल पहिल्यांदा आलं ते तिथे.

याच नाण्यांत एक फसायची जागा आहे, तेवढी नीट ऐका. राज्यांच्या क्वार्टरवर दोन सालं असतात. वरचं साल ते राज्य देशात कधी आलं त्याचं, आणि खालचं साल नाणं कधी पाडलं त्याचं. डेलावेअरच्या नाण्यावर वर १७८७ लिहिलंय. कुणी म्हणेल, "बघा, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं नाणं!" नाही हो. खाली बघा, १९९९. आमच्याकडे आलेल्या एका फोटोत नाण्याची खालची बाजू अंगठ्याने झाकली होती. फोटो काढणारा भोळा होता की हुशार, ते तुम्ही ठरवा.

मग नव्या नाण्यांत महाग काहीच नाही का? आहे. पण ते सापडणं म्हणजे कांद्याच्या ढिगात नेमका एक शोधणं.

विस्कॉन्सिन हे दुधाचं राज्य. २००४ साली त्याचं क्वार्टर आलं. त्यावर गायीचं तोंड, चीजचा गोल गड्डा आणि मक्याचं कणीस. आपल्याच शिवारातलं चित्र वाटेल. त्या वर्षाच्या शेवटी ॲरिझोनातल्या टूसॉनच्या बाजूला लोकांच्या लक्षात आलं की काही नाण्यांवर मक्याच्या कणसाला डाव्या बाजूला एक पान जास्त आहे. काहींवर ते पान वर वळलेलं, काहींवर खाली वाकलेलं. सगळी डेन्व्हरच्या टांकसाळीतली. ठशावर तो ओरखडा कसा आला, चुकून की कुणी मुद्दाम, यावर अजून वाद आहे. मोदकाच्या साच्यात खाच पडली तर पुढचा प्रत्येक मोदक तीच खाच घेऊन बाहेर पडतो, तसं झालं. लोकांची झुंबड उडाली. आजही ते जास्तीच्या पानाचं क्वार्टर त्याच्या अवस्थेप्रमाणे पन्नासपासून शंभर-सव्वाशे डॉलरपर्यंत जातं. जास्तीच्या पानाचे पैसे.

अशीच एक गंमत २००५ च्या कॅन्ससच्या नाण्याची. अमेरिकेच्या प्रत्येक नाण्यावर इंग्रजीत "देवावर आमचा विश्वास" अशा अर्थाचं वाक्य असतं. विश्वासाला ते ट्रस्ट म्हणतात. काही नाण्यांच्या वेळी ठशातल्या पहिल्या टी अक्षरात वंगण साचलं, ते अक्षर उठलंच नाही, आणि ट्रस्टचं झालं रस्ट. रस्ट म्हणजे गंज! लोक हसून लोटपोट झाले. पण वंगणामुळे अक्षर बुजणं टांकसाळीत वरचेवर होतं, म्हणून या नाण्याचं मोल फार नाही. हसण्यापुरतं आहे.

तिसरं म्हणजे डब्ल्यू अक्षर. नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं याची खूण वॉशिंग्टनच्या बाजूला बारीक अक्षरात असते. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. आपल्याकडेही आहे हे. सालाखाली हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. आज घरातल्या सुट्ट्या पैशांत बघा, पोरांना आवडेल. तर अमेरिकेत २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने डब्ल्यू अक्षराची क्वार्टर बाजारात सोडली. दर वर्षी पाच चित्रं, प्रत्येकाची वीस लाख नाणी. साधी क्वार्टर एकेका चित्राची कोट्यवधी असतात, त्यापुढे हे थोडं. वापरलेलं असलं तरी अशा नाण्याला साधारण दहा डॉलरच्या आसपास येतात. इंग्रजी न येणाऱ्या मैत्रिणींनो, नागमोडी टाक्यासारखं, दोनदा खाली-वर गेलेलं अक्षर म्हणजे डब्ल्यू. साल २०१९ किंवा २०२० आणि ते अक्षर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

याउलट नुसतं "कमी पाडलं गेलं" म्हणून भाव येतोच असं नाही. पन्नास राज्यांत सगळ्यात जास्त नाणी व्हर्जिनियाची, जवळपास १५९ कोटी. सगळ्यात कमी ओक्लाहोमाची, साधारण ४१ कोटी. फरक चौपटीचा. पण ४१ कोटी म्हणजे काही दुर्मीळ नव्हे. दोन्हींची किंमत पंचवीस सेंटच.

आता अवस्थेबद्दल, कारण मोबाइलवरचे सगळे मोठे आकडे इथूनच येतात. नाण्याला एक ते सत्तर असे गुण देतात. साठ आणि त्यावरचं म्हणजे कधी हाताळलंच नाही असं. पीसीजीएस आणि एनजीसी नावाच्या कंपन्या हेच काम करतात. नाणं तपासतात, गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. टांकसाळीतून निघालेलं कोरं नाणंही गोणीत दुसऱ्या नाण्यांवर आपटतं, ओरखडे पडतात. म्हणून सदुसष्ट-अडुसष्ट गुणांचं साधं क्वार्टर हजारात एखादं, आणि एखाद्या हौशी माणसाला आपला संच सगळ्यांत सरस करायचा असेल तर तो त्या एकासाठी शेकडो डॉलर मोजतो. व्हिडिओवाला दाखवतो तो हा भाव. आणि म्हणतो, "तुमच्याकडेही हेच नाणं आहे." नाणं तेच आहे, अवस्था ती नाही. प्रदर्शनात पहिला नंबर आलेल्या म्हशीची किंमत सांगून कुणी तुमच्या दावणीच्या म्हशीचा भाव ठरवेल का? आणि तपासून घ्यायला एका नाण्यामागे कित्येक डॉलर फी लागते, टपालखर्च वेगळा. साध्या क्वार्टरवर तो खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

इथे एक हात जोडून सांगणं. नाणं घासू नका. आपली सवय अशी की धातू हातात आला की चिंच, राख, पितांबरी. तांब्याच्या तांब्यासाठी ठीक, नाण्यासाठी नाही. जुन्या चांदीच्या क्वार्टरवर चढलेली काळसर-निळसर झाक बघून जाणकार खूश होतो. घासून चकचकीत केलेलं नाणं त्याला लगेच ओळखू येतं आणि भाव निम्म्यावर येतो. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढा, मऊ कापडावर टिपा, पुसू नका. धरताना कडेला दोन बोटांनी धरा. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर चढतो. कागदी पाकीट बरं.

सोन्याचं पाणी दिलेली, रंगीत चित्रं चिकटवलेली क्वार्टर असतात, तीही कुणाकुणाकडे आली असतील. टीव्हीवर जाहिराती करून अमेरिकेत अशी पुष्कळ विकली गेली. डबी मखमलीची, सोबत प्रमाणपत्र. सोन्याचा थर इतका पातळ की खरवडून गुंजभरही निघायचा नाही, आणि संग्राहकाच्या लेखी ते बिघडवलेलं नाणं. टांकसाळीच्या अधिकृत संचांचंही फार वेगळं नाही. १९९९ चा चांदीचा संच एकेकाळी तीनशे डॉलरच्या वर चढला होता. "आणखी चढेल" म्हणून लोकांनी ढिगाने घेऊन ठेवले. ज्यांनी शेवटी घेतले त्यांच्या हातात भाव निम्म्याखाली आला. सगळेच जपून ठेवतात ते दुर्मीळ होणार कसं?

आता ज्यासाठी हा विषय खरं तर घ्यावा लागला ते.

शेजारच्या गावातल्या एका बाईला फोन आला. तिने अमेरिकेच्या नाण्याचा फोटो कुठल्याशा ठिकाणी टाकला होता. समोरचा गोड बोलणारा, ताई-ताई करणारा. म्हणाला, तुमचं नाणं साडेतीन लाखांना घेतो. आधी नोंदणीचे पंधराशे भरा. भरले. मग म्हणाला, सरकारी कर साडेचार हजार. ते तिने गटातून शेळीसाठी घेतलेल्या कर्जातून भरले. मग रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं मोबाइलवर, शिक्क्यासकट, आणि आणखी नऊ हजारांची मागणी. तेव्हा तिने मुलाला सांगितलं. नाणं होतं २००० सालचं व्हर्जिनियाचं, कोट्यवधींतलं एक. शेळी काही आली नाही. हप्ता मात्र ती दर महिन्याला भरते.

तिचं नाव आम्ही सांगणार नाही, तुम्हीही शोधू नका. तिला कुणी हसलं तर पुढची बाई गप्प बसेल, आणि गप्प बसणाऱ्या बाईवरच या लोकांचा धंदा चालतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या नावाने पैसे गोळा करायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. म्हणजे फोनवर रिझर्व्ह बँकेचं नाव निघालं की फोन ठेवायचा. साधी खूण अशी की विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. बाजारात कांदे विकायला गेल्यावर व्यापाऱ्याने "आधी माझ्याकडे हजार भर, मग कांदे घेतो" म्हटलं तर आपण काय म्हणू? पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवता येण्याची आशा जास्त.

बरं, मग जमवूच नयेत का ही नाणी? आम्ही तर म्हणतो, जमवा. पण श्रीमंत व्हायला नव्हे. आणि जमवायचीच तर २०२२ पासूनची जमवा, कारण ती बायकांची आहेत.

२०२२ ते २०२५ या चार वर्षांत अमेरिकेने दर वर्षी पाच अशा वीस स्त्रियांची क्वार्टर काढली. पहिलं नाणं कवयित्री माया अँजेलो यांचं, हात उंचावलेले, मागे उडता पक्षी आणि उगवता सूर्य. क्वार्टरवर आलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मग अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड. टेनिसपटू अल्थिया गिब्सन. यादवी युद्धात जखमींवर उपचार केलेल्या डॉक्टर मेरी वॉकर, ज्या लोकांच्या शिव्या खाऊन पँट घालत राहिल्या. आकाशगंगांचा अभ्यास करणाऱ्या व्हेरा रुबिन. सेलिया क्रूझ ही क्यूबाची गायिका, तिच्या नाण्यावर तिची आवडती आरोळी कोरली आहे, तिचा अर्थ "साखर!"

आम्हाला सगळ्यात जवळची वाटली विल्मा मॅनकिलर. ती चेरोकी या आदिवासी राष्ट्राची, मतदानाने निवडून आलेली पहिली स्त्री प्रमुख. १९८५ ते १९९५ तिने कारभार केला. पण त्याआधीचं तिचं काम ऐका. ओक्लाहोमातल्या बेल नावाच्या गरीब वस्तीत घराघरात पाणी नव्हतं. तिने लोकांना एकत्र केलं, आणि वस्तीतल्या बायका-पुरुषांनी श्रमदान करून मैलोन् मैल पाण्याची नळयोजना स्वतःच्या हातांनी टाकली. डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला याचं मोल वेगळं सांगायला नको. नाण्यावर ती शाल पांघरून, वारा पाठीशी घेऊन उभी आहे आणि बाजूला तिच्या भाषेच्या लिपीत तिच्या राष्ट्राचं नाव आहे.

आणि बेसी कोलमन. टेक्सासमध्ये कापूस वेचत वाढलेली मुलगी. विमान चालवायचं मनात घेतलं, तर काळी आणि बाई म्हणून अमेरिकेतल्या एकाही शाळेने घेतलं नाही. ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ ला विमानचालनाचा परवाना घेऊन आली. ती तारीख तिच्या नाण्यावर आहे.

या वीसही नाण्यांची दुसरी बाजू, म्हणजे वॉशिंग्टनचा मुखवटा, तोही नवा आहे, आणि त्यामागेही एक बाई आहे. १९३२ साली हे नाणं ठरत होतं तेव्हा लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार स्त्रीने एक मुखवटा करून दिला होता. कलेच्या जाणकारांच्या आयोगाने तोच पसंत केला. पण अर्थखात्याचे प्रमुख अँड्र्यू मेलन यांनी जॉन फ्लॅनागन या पुरुषाचा निवडला. आयोगाने पुन्हा आग्रह धरला, तरी बदल झाला नाही. फ्रेझर १९६६ मध्ये वारल्या. शेवटी २०२२ मध्ये, नव्वद वर्षांनी, त्यांचा वॉशिंग्टन क्वार्टरवर आला. ओळखायला सोपा आहे. फ्लॅनागनचा वॉशिंग्टन आपल्या डाव्या हाताकडे बघतो, फ्रेझरबाईंचा उजव्या हाताकडे.

या नाण्यांना भाव नाही, तीही कोट्यवधींनी आहेत. वीसच्या वीस जमवायला लागतात फक्त पाच डॉलर, म्हणजे वर धरलेल्या भावाने साडेचारशे रुपयांपर्यंत. परदेशातून कुणी येणार असेल तर चॉकलेटच्या पिशवीसोबत सांगून ठेवा, "सुट्ट्या पैशांत बघ, वॉशिंग्टन उजवीकडे बघतोय का, आणि मागे बाई आहे का." शाळेतल्या पोरींना ही नाणी हातात देऊन एकेकीची गोष्ट सांगता येते. आम्ही गेल्या महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सांगून बघितली. पोरी नाणं परत द्यायला तयार होईनात.

आमच्या गटाकडे आता सात बायका जमल्या आहेत. विल्मा आली, माया आली, सॅली दोनदा आली. बेसी कोलमन अजून आलेली नाही. कुणाच्या वाटीत असेल तर बदल्यात आमच्याकडची एक सॅली घेऊन जा.